पटलाची मांडणी आरेखकाच्या हाती असावी

परतवाड्याहून धामणगाव गढीच्या मार्गाने जो रस्ता चिखलदऱ्यास चढतो त्याच्या एखाद्या वळणाची दुरुस्ती करावयाची असो, अथवा त्याच रस्त्याने मागे टाकलेल्या वऱ्हाडच्या काळ्या मातीच्या सपाटीवर एखादी सरळ सडक आखावयाची असो, दोन्ही कामांचे नकाशे आज एकाच प्रकारच्या संगणकावर, एकाच आरेखन-प्रणालीत आणि पटलावर मांडलेल्या त्याच त्या बटणांच्या साहाय्याने काढले जातात. आणि ही बटणे कोणी, कोणासाठी व कोणत्या भूमीचा विचार करून मांडली, हा प्रश्न आमच्या अमरावती जिल्ह्याच्या दप्तरांतून सहसा विचारला जात नाही. तो विचारला जावा, आणि त्याचे उत्तर देण्याचा अखत्यार नकाशा काढणाऱ्या माणसाकडे यावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

चिखलदऱ्याच्या परिसरातील आरेखन सपाटीवरील आरेखनाहून जातीनेच भिन्न आहे. येथील भूमी सुमारे 1,118 मीटर उंचीच्या पठारावर थोडी विसावते आणि पठाराच्या कडेशी येताच कड्याच्या रूपाने एकदम खाली कोसळते. पाऊस दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत उतारावरून धावत सुटतो. अशा ठिकाणी रस्त्याची आखणी ही समोच्च रेषांशी केलेली एक दीर्घ तडजोड असते. सपाटीवरच्या आरेखकास जी मोरी क्वचित काढावी लागते ती येथे प्रत्येक ओघळाशी काढावी लागते. आडवे छेद जवळजवळच्या अंतरावर घ्यावे लागतात, कारण वीस मीटर पुढे गेले की डोंगराने आपले रूप पालटलेले असते. एका अंगास डोंगर कापावयाचा, दुसऱ्या अंगास दरीच्या तोंडाशी धारक भिंत उभी करावयाची, डोंगराकडच्या बाजूने गटार काढून पाणी मोरीपर्यंत न्यावयाचे, हा क्रम प्रत्येक छेदात पुन्हा पुन्हा येतो. इंडियन रोड्स काँग्रेसने डोंगरी रस्त्यांसाठी घालून दिलेल्या मानकांप्रमाणे हेअरपिन वळणाच्या आतील वक्राची त्रिज्या 14 मीटरहून कमी असू नये आणि त्या वळणातील चढ चाळिसास एक याहून तीव्र असू नये. म्हणजे घाटातील प्रत्येक वळणाच्या वेळी आरेखकाला हीच त्रिज्या, हाच चढ, हाच बाह्य कडेचा उठाव पुन्हा नव्याने योजावा लागतो. लांबछेद काढताना उभे माप आडव्या मापाच्या दसपट ठेवण्याचा शिरस्ता आहे, तोही येथे अधिक जपावा लागतो, कारण चढ-उताराचा दोष सपाटीवर खपून जातो तसा घाटात खपत नाही.

रस्त्यांचे जे, तेच मृद्संधारणाच्या कामांचे. मेळघाटच्या उतारांवर सलग समतल चर खोदावयाचे तर त्यांची रेषा समोच्च रेषेला धरून जावी लागते, आणि साधारणतः 60 सेंटिमीटर रुंद व 30 सेंटिमीटर खोल अशा त्या चराची खूण नकाशावर शेकडो वेळा उमटवावी लागते. मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत जाळी बंधारे, माती नाला बांध, सिमेंट नाला बांध यांच्या खुणा यावयाच्या. उतारावरची इमारत घेतली तर तिचे जोते एका पातळीत बसत नाही, ते पायऱ्यापायऱ्यांनी उतरवावे लागते, आणि पावसाच्या माऱ्यासाठी छप्पर उतरते ठेवावे लागते. गाविलगडाच्या तटासारख्या जुन्या वास्तूचे मोजमाप करून ते कागदावर आणावयाचे म्हटले तर काटकोनात रेषा ओढण्याची जी सोय प्रणालीत सदैव पुढे मांडलेली असते ती जवळजवळ निरुपयोगी ठरते; कारण 1425 च्या सुमारास बहामनी अमलात उभा राहिलेला तो तट कड्याच्या कडेने, कड्याच्या मनाप्रमाणे वळत गेलेला आहे.

आता या भूमीवरून दृष्टी काढून संगणकाच्या पटलाकडे वळावे. प्रणाली विकत घेऊन प्रथम उघडल्यावर वरच्या अंगास जी बटणांची रुंद पट्टी दिसते, तिच्यात रेषा, वर्तुळ, चाप, आयत, रेखाछाया, मापांकन अशी साधने ओळीने मांडलेली असतात. ती मांडणी वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. जगातील यंत्रशाळा, वास्तुशिल्पज्ञ, जहाजबांधणीचे कारखाने या सर्वांना थोडीथोडी उपयोगी पडावी अशी ती योजलेली असते, आणि म्हणूनच कोणा एकाच्या कामाशी ती पुरती जुळत नाही. मोरीची खूण काढण्यासाठी आरेखक आधी योग्य लेयर (नकाशाचा स्तर) निवडतो, मग रेषेची जाडी ठरवतो, मग पेटीतून ब्लॉक (तयार खूण) शोधतो, त्याचे प्रमाण टाइप करतो, तो रस्त्याच्या दिशेने फिरवतो, नाव लिहितो आणि शेवटी मूळ लेयरवर परत येतो. ही सारी मालिका एका बटणात बांधता येते, हे त्याला कोणी शिकविलेले नसते. आणि शिकविले असले तरी साहेबांचा संगणक आहे, त्यावरील मांडणी हलवू नये, अशी एक अलिखित ताकीद त्याच्या मनात घर करून असते. परतवाड्याच्या सागवानावर काम करणारा सुतार रंधा आणि पटाशी स्वतःच्या हाताच्या टप्प्यात मांडून बसतो, त्यासाठी तो कोणाचा हुकूम मागत नाही. आरेखकाने मात्र आपली हत्यारे दुसऱ्याने ठेवली तेथेच शोधावीत, हे न्याय्य नव्हे.

वास्तविक आमच्या आरेखनशाळांची जुनी परंपरा याच्या अगदी उलट होती. सार्वजनिक बांधकाम विभागात आरेखक, सहायक आरेखक आणि अनुरेखक अशी पदांची उतरंड असे, आणि अनुरेखक म्हणून रुजू झालेला मुलगा ट्रेसिंग कागदावर शाईने रेषा उतरवता उतरवता पुढे आरेखक होई. प्रत्येकाचा फळा वेगळ्या कोनात तिरपा केलेला, टी-स्क्वेअर आणि गुण्या यांची जागा ठरलेली, निरनिराळ्या जाडीच्या निबांची पेने एका विशिष्ट क्रमाने लावलेली, आणि नेहमी लागणाऱ्या खुणांसाठी पुठ्ठा कापून घरच्या घरी केलेले साचे खणात जपून ठेवलेले. मोरीचा साचा, वृक्षाचा साचा, उत्तर दिशेच्या बाणाचा साचा. त्यातले काही साचे निवृत्त होणारा माणूस आपल्या मागून येणाऱ्याच्या स्वाधीन करून जाई. मांडणी ही आरेखकाच्या विद्येचाच भाग होती. संगणक आला तेव्हा फळा गेला, हे अपरिहार्य होते. परंतु फळ्याबरोबर मांडणीचा हक्कही गेला असे जे सर्वांनी गृहीत धरले, त्याला काहीही आधार नाही.

आधार नाही असे म्हणण्याचे कारण या प्रणालीच्या, म्हणजे ऑटोकॅडच्या, इतिहासातच आहे. 1982 साली कॅलिफोर्नियात जॉन वॉकर आणि त्यांचे सहकारी यांनी ऑटोडेस्क ही कंपनी स्थापली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आणले. प्रारंभीच्या काळात पटलाच्या उजव्या कडेस आज्ञांची एक उभी यादी दिसे. ती यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिलेली असे, आणि ज्याला ती वाचता येई त्याला ती बदलताही येई. 1986 च्या आरंभी ऑटोलिस्प ही भाषा प्रणालीला जोडली गेली आणि आरेखकाला स्वतःच्या नव्या आज्ञा रचण्याची मुभा मिळाली. 1987 च्या नवव्या आवृत्तीत वरून खाली उघडणारे मेनू आले. ज्या कचेऱ्यांत डिजिटायझर टॅब्लेट असे तेथे तर त्या पाटीवर आपल्याला हव्या त्या चौकोनांचा छापील कागद अंथरून कोणता चौकोन कोणती आज्ञा देईल हेही ठरविता येत असे. आज्ञांची लघुरूपे, म्हणजे ‘एल’ म्हटले की रेषा आणि ‘सी’ म्हटले की वर्तुळ, ही आजही ‘पीजीपी’ नावाच्या एका साध्या फाईलमध्ये असतात आणि कोणालाही आपल्या बोटांच्या सवयीप्रमाणे बदलता येतात. 2006 च्या आवृत्तीपासून मेनू, टूलबार, कळींच्या जोड्या, उजव्या क्लिकची यादी हे सर्व ‘सीयूआय’ या एकाच ठिकाणी संपादित करण्याची सोय झाली. तात्पर्य, मांडणी बदलण्याची शक्ती या प्रणालीत प्रारंभापासून अंगभूत आहे. ती मागून लावलेली शोभा नव्हे.

या इतिहासातील एक प्रकरण विशेष बोधप्रद आहे. 2009 च्या आवृत्तीत रुंद रिबन पट्टी आली, तरी जुन्या टूलबारांची ‘क्लासिक’ मांडणी जोडीला ठेवण्यात आली होती; 2015 च्या आवृत्तीत मात्र ती तयार मांडणी काढून टाकण्यात आली. ज्यांना आपल्या पटलाची रचना स्वतः करता येत होती त्यांनी जुने टूलबार पुन्हा लावून, त्याला नाव देऊन, ती मांडणी जतन करून ठेवली आणि आपले काम पूर्ववत चालू केले. ज्यांना ते येत नव्हते त्यांनी वर्षानुवर्षांची हाताची सवय सोडून नव्याने शिकण्याचे कष्ट उपसले, आणि त्या काळात नकाशे उशिरा झाले त्याचा बोल त्यांनाच लागला. विक्रेत्याने काय द्यावे आणि काय काढून घ्यावे यावर आमचे नियंत्रण नाही. जे दिले आहे ते आपल्या कामी कसे लावावे, यावर मात्र आहे, आणि तेवढ्या नियंत्रणाने पुष्कळ साधते.

ते कसे साधते हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण या विषयाला लोक उगाच बिचकतात. बटणामागे दडलेली आज्ञामालिका म्हणजे मॅक्रो. ती सामान्यतः रद्द करण्याच्या खुणेने सुरू होते, आणि ती खूण दोनदा देतात, कारण आरेखक आधीच्या एखाद्या आज्ञेत आत अडकलेला असला तर त्यातून तो पुरता मोकळा व्हावा. त्यानंतर आज्ञेचे नाव येते. मध्ये अर्धविराम आला की एंटर दाबल्यासारखे होते. उलटी तिरकी रेघ आली की मालिका थांबते आणि आरेखकाने पटलावर बिंदू दाखविण्याची वाट पाहते. एवढी चार-पाच चिन्हे ज्याला समजली त्याला मोरीचे बटण करता येते: लेयर बदल, ब्लॉक आण, जागा दाखविण्यासाठी थांब, दिशा दाखविण्यासाठी थांब, मूळ लेयरवर परत जा. दुसरे बटण हेअरपिन वळणाचे, ज्यात 14 मीटरची त्रिज्या आधीच भरलेली. तिसरे समतल चराचे, जे निवडलेल्या समोच्च रेषेवर ठराविक अंतराने चराची खूण उमटवते. यासाठी ऑटोलिस्पच्या काही ओळी लिहाव्या लागतात, आणि हे खरे की ऑटोकॅडच्या स्वस्त ‘एलटी’ प्रकारात ही भाषा 2024 ची आवृत्ती येईपर्यंत उपलब्धच नव्हती. परंतु मेनू आणि मॅक्रो त्यातही होते. ज्या संस्थेस परवान्याचा खर्च झेपत नाही तिच्यासाठी फ्रीकॅड आणि लिब्रेकॅड यांसारख्या मुक्त प्रणाली आहेत. फ्रीकॅडमध्ये तर टूलबार आपल्या मनाप्रमाणे रचता येतात आणि मॅक्रो पायथन भाषेत लिहिता येतात.

यावर अनुभवी अभियंते एक आक्षेप घेतात, आणि तो आदराने ऐकून घेण्यासारखा आहे. शासकीय सेवेत बदल्या होतात. आज चिखलदऱ्याच्या कामावर असलेला माणूस उद्या दर्यापूरला जाईल, त्याच्या जागी अकोटहून दुसरा येईल, आणि आधीच्याने आपल्या लहरीप्रमाणे पटल फिरवून ठेवले असेल तर नव्याला त्या संगणकावर एक रेषाही सुखाने ओढता येणार नाही. लघुरूपे प्रत्येकाने वेगळी ठेवली, लेयरची नावे प्रत्येकाने वेगळी दिली, तर एका उपविभागाचा नकाशा दुसऱ्या उपविभागात उघडल्यावर अनाकलनीय होईल. हे भय खरे आहे. परंतु त्याचे निवारण मांडणीला बंदी घालण्यात नाही. प्रणालीनेच त्यासाठी दोन स्तरांची तरतूद केलेली आहे: कार्यालयाची एक सामाईक ‘एंटरप्राइज’ फाईल, जी सर्वांना दिसते पण एकट्यादुकट्यास बदलता येत नाही, आणि तिच्या जोडीला प्रत्येकाची स्वतःची मुख्य फाईल. लेयरची नावे, मोरी-भिंत-चर यांच्या खुणा, शीर्षक-चौकटीतील मजकूर, मापांकनाच्या शैली हे सारे सामाईक फाईलमध्ये आणि कार्यालयाच्या टेम्प्लेटमध्ये असावे. लघुरूपे, बटणांची जागा, कळींच्या जोड्या ही ज्याची त्याच्याकडे राहावीत. बदली झालेल्या माणसाने आपली फाईल सोबत न्यावी आणि नव्या जागी रुजू होताना ती लावून घ्यावी. सेवापुस्तक जसे माणसामागून जाते तशी ही फाईलही जाऊ शकेल. तिला जागा लागते ती नगण्य.

सामाईक मांडणी किती प्रभावी ठरते याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. पुण्याच्या सॉफ्टटेक कंपनीची ऑटोडीसीआर ही प्रणाली बांधकाम-परवानगीचे नकाशे विकास नियंत्रण नियमांच्या कसोटीवर आपोआप तपासते. आणि त्यासाठी वास्तुशिल्पज्ञाच्या ऑटोकॅडमध्ये ‘प्रीडीसीआर’ या नावाने एक स्वतंत्र मेनू आणि ठरलेल्या नावांचे लेयर येऊन बसतात. भूखंड या लेयरवर, इमारतीची बाह्यरेषा त्या लेयरवर, सामासिक अंतरे तिसऱ्यावर; असा नकाशा सादर झाला तरच यंत्र तो वाचू शकते. पुण्यात निर्माण झालेली ही मांडणी राज्यातील असंख्य वास्तुशिल्पज्ञांच्या पटलावर पोहोचली, त्यांच्या हाताला वळण लावती झाली, हे महाराष्ट्रातील तंत्रज्ञांचे मोठे कर्तृत्व आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. तथापि ती मांडणी तपासणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, काढणाऱ्याच्या सोयीसाठी नाही; आणि ती शहरी भूखंडाची आहे, डोंगराच्या उताराची नाही. राज्याची एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर 2020 मध्ये लागू झाली तेव्हा गिरिस्थान नगरपरिषदांची क्षेत्रे तिच्यातून वगळण्यात आली, कारण डोंगरावरील वस्तीचे नियम वेगळे असले पाहिजेत हे शासनास मान्य होते. नियम वेगळे असावेत हे मान्य आहे, तर त्या नियमांचे नकाशे काढणाऱ्या पटलाची मांडणीही वेगळी असावी, हे मान्य होण्यास काय हरकत आहे? चिखलदऱ्याच्या विकासासाठी सिडकोसारखी मोठी संस्था नियोजनाचे काम पाहते; गिरिस्थानासाठी अशी एक मेनू-फाईल आणि टेम्प्लेट तयार करून ती तालुक्यातील लहान कार्यालयांना आणि परवानाधारक तांत्रिकांना खुली करणे तिला कठीण नाही.

पटलाच्या भाषेविषयीही येथेच बोलले पाहिजे. ऑटोकॅड जपानी, कोरियन, झेक, हंगेरियन अशा भाषांत मिळते. मराठीत मिळत नाही. परंतु मेनूवरील आणि बटणांवरील नावे आपल्याला लिहिता येतात, ती देवनागरीत लिहिता येतात, आणि त्यामागील आज्ञेच्या आरंभी एक अधोरेखा दिली की कोणत्याही भाषेच्या आवृत्तीत ती इंग्रजी आज्ञा म्हणूनच ओळखली जाते. भाषा संचालनालयाने स्थापत्य अभियांत्रिकीचा परिभाषा कोश केव्हाच सिद्ध केला आहे. राज्य तंत्रशिक्षण मंडळाने पदविका अभ्यासक्रम मराठी-इंग्रजी द्विभाषिक रीतीने शिकविण्यास मुभा दिली आहे. माझा आग्रह लेयर, ब्लॉक, ट्रिम या सर्वतोमुखी झालेल्या शब्दांना हुसकावून लावण्याचा नाही, ते राहोत. परंतु ‘मोरी’, ‘धारक भिंत’, ‘समतल चर’, ‘आडवा छेद’ ही कामे ज्या नावांनी मोजमाप पुस्तकात, अंदाजपत्रकात आणि कंत्राटदाराच्या तोंडी येतात, त्याच नावांची बटणे पटलावर असावीत. मेळघाटातील कोरकू घरचा जो मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत आरेखक स्थापत्य हा दोन वर्षांचा व्यवसाय शिकतो, त्याने आधी कोरकूवरून मराठीत आणि मग मराठीवरून इंग्रजीत अशा दोन चढणी चढलेल्या असतात. डोंगराचा उतार तो आपल्या पायांनी ओळखतो, समोच्च रेषा म्हणजे काय हे त्याला फळ्यावर समजावून सांगण्याची फारशी गरज पडत नाही. असे ज्ञान असलेला विद्यार्थी केवळ पटलावरील अपरिचित चिन्हांपाशी अडखळावा आणि मागे पडावा, याचे दुःख मला फार वाटते.

शिक्षणातील उणीव ही या साऱ्याच्या मुळाशी आहे. आमच्या संस्थांतून आज्ञा शिकविल्या जातात, त्यांची लघुरूपे पाठ करून घेतली जातात, आणि परीक्षेत दिलेली आकृती ठराविक वेळात काढावयास सांगतात. विद्यार्थ्याने स्वतःचे टेम्प्लेट रचले आहे काय, एखादे बटण घडविले आहे काय, याची विचारणा कोणी करीत नाही. अमरावतीचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासून या प्रदेशास अभियंते देत आले आहे. त्याने आणि जिल्ह्यातील तंत्रनिकेतनांनी मनावर घेतले तर एका सत्रातील काही तास या विषयास देणे अवघड नाही. विद्यार्थ्यांच्या गटांना चिखलदऱ्याच्या घाटातील एखादे वळण प्रत्यक्ष मोजावयास लावावे, त्याचा नकाशा काढताना कोणती कृती किती वेळा करावी लागली याची नोंद ठेवावयास सांगावे, आणि ज्या कृती वारंवार आल्या त्यांची बटणे करून घ्यावीत. त्या बटणांचा संग्रह पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करावा; तो दरवर्षी सुधारत जाईल, आणि काही वर्षांत वऱ्हाडच्या डोंगरी कामांसाठी एक मराठी मेनू आपोआप उभा राहील, ज्यासाठी कोणत्याही कंपनीस एक पैसा देण्याची गरज पडणार नाही.

कार्यकारी अभियंत्यांना आणि संस्थांच्या प्राचार्यांना माझी विनंती एवढीच आहे की, पुढच्या वेळी आरेखन-प्रणालीचा परवाना घेताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना प्रशिक्षणाची जी तरतूद मंजूर होते, तिच्यातील काही भाग पटलाच्या मांडणीच्या शिक्षणासाठी राखून ठेवावा, आणि आरेखकाला आपल्या संगणकावरील मेनू बदलण्याची लेखी परवानगी द्यावी. आणि जो तरुण आज एखाद्या उपविभागात नकाशे काढीत बसला आहे त्याने परवानगीची वाट न पाहता आजच एक रिकामा टूलबार तयार करावा, त्याला नाव द्यावे, आणि दिवसात जी खूण सर्वांत अधिक वेळा काढावी लागते तिचे बटण त्यावर पहिले ठेवावे.